फूट ड्रॉप आणि ए.एफ.ओ.: उजव्या पायाचे अकरा महिने

७ सप्टेंबर २०२४, गणेश चतुर्थीची पहाट. पूजेच्या तयारीसाठी उठले आणि उजव्या पायात चप्पल राहीना. पाऊल टाकले की ते फरशीवर फटकन आपटत होते आणि पाय उचलला की चवडा खाली लोंबत राहत होता. पाऊल असे लोंबण्याला फूट ड्रॉप म्हणतात. बोटे वर उचलण्याचा कितीही प्रयत्न केला तरी ती हलत नव्हती. नडगीच्या बाहेरच्या बाजूपासून पावलाच्या वरच्या भागापर्यंत कातडी बधिर झाली होती. दुखत मात्र कुठेच नव्हते, आणि दुखत नसल्यामुळेच मी पुढचे दोन दिवस वाया घालवले. घरात गणपती, पाहुण्यांची ये-जा, आरत्या. पाय अवघडला असेल असे समजून मी गुडघा नेहमीपेक्षा उंच उचलून चालत राहिले, आणि त्यातच उंबऱ्याला बोटे अडकून एकदा पडले.

मी गोव्यातील फोंडा तालुक्यात राहते आणि प्राथमिक शाळेत शिकवते. त्या दिवसांत मी मदतीसाठी खूप शोधाशोध केली. ब्रेस म्हणजे पायाला आधार देणारे साधन विकणाऱ्यांच्या जाहिराती पुष्कळ सापडल्या, पण तो कोणाकडून बनवून घ्यावा, पहिल्या आठवड्यात काय सोसावे लागते आणि काय मुळीच सोसू नये, हे मराठीत कुठे मिळाले नाही. म्हणून सगळे तारखांसह लिहीत आहे.

कारण नंतर कळले, पण ते इथेच सांगते. जुलैमध्ये मला टायफॉइड झाला होता आणि माझे वजन आठ किलोंनी उतरले होते. चतुर्थीच्या आधीचे दोन दिवस नेवऱ्या आणि इतर फराळासाठी मी आदोळीवर, म्हणजे खोवणीच्या विळीवर बसून नारळ खोवत होते, उजवा गुडघा पूर्ण दुमडून, तासन् तास. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, खालच्या अंगाला एक हाडाचा उंचवटा हाताला लागतो. त्याच्या अगदी खालून पाऊल वर उचलणारी नस हाडाला वळसा घालून जाते, आणि तिथे तिच्यावर कातडी व थोडी चरबी सोडली तर दुसरे संरक्षण नसते. वजन झपाट्याने उतरले की ती चरबीही जाते. मग मांडी घालून किंवा उकिडवे बसल्यावर, पायावर पाय टाकून बसल्यावर, किंवा घट्ट प्लास्टरमुळेही ती नस दबू शकते. भातलावणीत किंवा अंगणात दिवसभर उकिडवे बसून काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे असे मला मनापासून वाटते.

९ सप्टेंबरला ज्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी अशक्तपणा म्हणून जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. १९ तारखेपर्यंत काहीच फरक पडला नाही, तेव्हा यजमान मला अस्थिरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेले. तिथली तपासणी मला अजून आठवते, कारण ती हातांनी झाली, यंत्राने नव्हे. त्यांनी मला आधी चवड्यांवर चालायला लावले, ते जमले. मग टाचांवर चालायला लावले, ते उजव्या पायाला एक पाऊलभरही जमले नाही. पाऊल आतल्या बाजूला वळवण्याची ताकद शाबूत होती. कमरेतील नस दबली असती तर बहुधा तीही कमी झाली असती, असे त्यांनी समजावले. त्यांनी गुडघ्याजवळची नस बोटाखाली चाचपून ती जाड झाली आहे का ते पाहिले आणि अंगावर कुठे बधिर चट्टा आहे का ते विचारले, कारण आपल्याकडे कुष्ठरोगातही हीच नस सुजते आणि पाऊल लोंबते. चट्टा नव्हता, नसही जाड लागली नाही. साखर आणि बी-१२ तपासायला सांगितले. साखर बरोबर होती, बी-१२ थोडे कमी होते.

"बाई, हा पक्षाघात नव्हे," असे त्यांनी स्पष्ट सांगितले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले. कारण दहा दिवस घरात कोणी उच्चारत नसले, तरी सासूबाईंसह सगळ्यांच्या मनात तीच भीती होती.

त्यांनी कागदावर 'ए.एफ.ओ.' (अँकल-फूट ऑर्थोसिस) एवढी तीन अक्षरे लिहून दिली आणि नस सावरेपर्यंत हा ब्रेस वापरा म्हणाले. घोटा आणि पाऊल काटकोनात धरून ठेवणारा तो आधार असतो. तो नस बरी करत नाही. चालताना बोटे अडकू न देणे, पडण्यापासून वाचवणे आणि पाऊल सतत खाली लोंबून टाचेमागची शीर आखडू न देणे, हे त्याचे काम. एवढेच असले तरी रोजच्या जगण्यात ते फार मोठे आहे.

इथे माझी पहिली चूक झाली. त्याच संध्याकाळी एका दुकानातून मी तयार ब्रेस आणला, ₹८५० ला. दुकानदाराने बुटाचा नंबर विचारला आणि मध्यम आकाराचा काढून दिला. पांढऱ्या प्लॅस्टिकचा, तळव्याखालून निघून टाचेमागून पोटरीपर्यंत जाणारा, वर वेल्क्रोचा पट्टा. तो घालून चालले आणि पाऊल आपटण्याचा आवाज थांबला, तेव्हा खूप बरे वाटले. पण चौथ्या दिवशी मोजा काढला तर बाहेरच्या घोट्यावर चिंचोक्याएवढा गडद लाल डाग होता आणि तो रात्रीपर्यंत गेला नाही. शिवाय ब्रेसची वरची कड आणि पट्टा नेमके गुडघ्याखालच्या त्या उंचवट्याजवळ दाबत होते, म्हणजे जी नस दबल्यामुळे हे सगळे झाले तिच्यावरच. कातडी बधिर असल्याने मला ते कळलेच नाही. ज्यांच्या पायाला संवेदना कमी आहे, विशेषतः मधुमेह असणाऱ्यांनी, लागत नाही म्हणून ब्रेस बरोबर बसला आहे असे समजू नये. डोळ्यांनी पाहावे, तळवा दिसत नसेल तर आरसा धरून पाहावे.

१ ऑक्टोबरला बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नसेच्या वहनाची तपासणी झाली. नस दबल्यानंतर साधारण तीन आठवडे गेल्यावर ही तपासणी केली तर किती तंतू खरोखर तुटले आहेत ते नीट कळते, म्हणून मुद्दाम तेवढे थांबायला सांगितले होते. नसेवर विजेचे छोटे झटके देतात आणि मग स्नायूत बारीक सुई घालतात. त्रास होतो, पण सोसण्यासारखा. जाण्यापूर्वी पायाला तेल किंवा क्रीम लावू नये आणि पाय गुडघ्याच्या वरपर्यंत सहज उघडा करता येईल असे कपडे घालावेत. निष्कर्ष असा होता की नस गुडघ्याजवळच अडली आहे, काही तंतू केवळ दबले आहेत आणि काही तुटले आहेत. तुटलेला तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. गुडघ्यापासून पावलापर्यंतचे अंतर मी घरी येऊन टेपने मोजले, तर ते छत्तीस सेंटिमीटर भरले. त्या रात्री झोप लागली नाही.

मला योग्य वाट दाखवली ती आमच्या शेजाऱ्यांनी. त्यांना लहानपणी पोलिओ झाला होता. गावात सगळे त्यांना भाई म्हणतात. पन्नास वर्षे ते लोखंडी पट्ट्यांचे आणि चामड्याचे कॅलिपर वापरत आहेत. माझा तयार ब्रेस हातात घेऊन त्यांनी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बाय, हे कोणाच्या तरी पायाचे आहे, तुझ्या पायाचे नव्हे. माप देऊन करून घे. आणि माप घेणारा नोंदणी झालेला आहे का, ते आधी विचार." ब्रेस बनवणाऱ्या तज्ज्ञाला ऑर्थोटिस्ट म्हणतात आणि त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच वाटू देऊ नका; मला तो पावतीवरच छापून मिळाला.

८ ऑक्टोबरला मडगावला माप द्यायला गेले. हा भाग मी बारकाईने पाहिला, कारण पुढच्या सगळ्याचा पाया तोच आहे. आधी पायावर पातळ जाळीदार मोजा चढवला. मग पाण्याने भिजवलेल्या जांभळ्या पेन्सिलीने त्यावर खुणा केल्या: दोन्ही घोट्यांची हाडे, गुडघ्याखालचा उंचवटा, पावलाच्या आतल्या बाजूचे हाड, करंगळीच्या मुळाचे हाड. या खुणा नंतर प्लास्टरच्या आतल्या बाजूवर उमटतात, त्यामुळे साच्यावर हाड कुठे आहे ते कळते. नडगीवर प्लॅस्टिकची एक पट्टी ठेवून त्यावरून ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळल्या, आणि प्लास्टर घट्ट होईपर्यंत त्या ऑर्थोटिस्ट ताईंनी माझे पाऊल काटकोनात स्वतःच्या हातांनी धरून ठेवले. प्लास्टर हळूहळू गरम होते, घाबरू नये. चार-पाच मिनिटांनी त्या पट्टीवरून चिरून कवच काढले, आणि माझ्या पायाची पोकळ प्रतिमा टेबलावर उभी राहिली.

पुढचे काम त्यांनी समजावून सांगितले. त्या पोकळीत प्लास्टर ओतून भरीव पाय तयार करतात, जिथे हाड आहे तिथे थोडे प्लास्टर वाढवतात, म्हणजे तयार ब्रेसमध्ये त्या जागी पोकळी राहते. मग पॉलिप्रॉपिलिन या प्लॅस्टिकचा पत्रा भट्टीत मऊ करून त्यावर लपेटतात आणि आतली हवा ओढून तो साच्याला चिकटवतात. कडा कुठे कापायच्या यावर ब्रेसचा स्वभाव ठरतो. घोट्यांच्या मागून कापला तर तो टाचेमागे स्प्रिंगसारखा लवचीक राहतो. घोटे झाकून पुढे आणला तर ताठ होतो. फक्त पाऊल लोंबत असेल आणि बाकी ताकद चांगली असेल तर लवचीक प्रकार पुरतो, तर पक्षाघातानंतर पाय ताठरत असेल किंवा घोटा बाजूला वळत असेल तर बहुधा ताठ किंवा घोट्यापाशी सांधा असलेला लागतो. म्हणून दुसऱ्याचा ब्रेस पाहून 'मला असाच हवा' असे सांगण्यात अर्थ नाही. माझ्यासाठी लवचीक ठरला, वरची कड गुडघ्याखालच्या उंचवट्यापासून तीन सेंटिमीटर खाली. खर्च ₹६,५००, निम्मे आगाऊ.

मधे दसरा आला, त्यामुळे ब्रेस १८ ऑक्टोबरला हातात आला. पहिल्या दिवशी एक तास, दुसऱ्या दिवशी दोन, असे वाढवत आठ-दहा दिवसांनी पूर्ण दिवस, असा क्रम त्यांनी लिहून दिला. प्रत्येक वेळी काढल्यावर पाय पाहायचा. फिकट लाल खूण उठली आणि वीस ते तीस मिनिटांत गेली तर हरकत नाही. त्यापेक्षा जास्त राहिली, गडद झाली किंवा फोड आला, तर ब्रेस घालायचा नाही आणि तसाच परत घेऊन यायचा. मी चुलीशेजारी घड्याळ ठेवून खुणा पाहत असे. पाचव्या दिवशी आतल्या घोट्याखालची खूण तासाभरानेही गेली नाही. 'एवढ्यासाठी मडगावपर्यंत पुन्हा कुठे जायचे' असा विचार क्षणभर मनात आला, पण जुन्या ब्रेसचा डाग आठवला आणि २४ तारखेला गेले. त्यांनी लिपस्टिकने माझ्या घोट्याखाली ठिपका काढला, ब्रेस घालून मला दहा पावले चालवले आणि काढला. जिथे दाबत होते तिथे प्लॅस्टिकवर लाल ठसा उमटला होता. गरम हवेच्या यंत्राने नेमकी तेवढी जागा मऊ करून बाहेर ढकलली. पंधरा मिनिटांचे काम, पैसे नाहीत. ६ नोव्हेंबरला पट्टा बदलण्यासाठी आणखी एक फेरी झाली. ब्रेस ठरवताना दुरुस्तीच्या फेऱ्या किंमतीत धरलेल्या आहेत का हे आधीच विचारावे, आणि फेरी मारावी. दाबणारा ब्रेस कपाटात ठेवून देणारी माणसे मला या वर्षात किती तरी भेटली. त्यातल्या अनेकांचे काम गरम हवेच्या पंधरा मिनिटांत झाले असते.

बुटांचा प्रश्न ब्रेसएवढाच मोठा निघाला. ब्रेस बुटाच्या आत जातो, म्हणून नेहमीपेक्षा एक नंबर मोठा, पुढून खूप उघडणारा, वेल्क्रोचा किंवा लेसचा, मागची बाजू घट्ट असलेला बूट लागतो. टाचेची उंची माप देताना होती तेवढीच हवी. उंच टाचेत गुडघा पुढे ढकलला जातो. उजव्या बुटातील आतला तळ काढून टाकला आणि डाव्यात तो राहू दिला, तेव्हा दोन्ही बूट नीट बसले. दुकानात जाताना ब्रेस घालूनच जावे. ₹१,४०० गेले. घरातही ब्रेस नुसता घालून फरशीवर चालू नये, तो घसरतो. मी घरासाठी वेगळे धुतलेले बूट ठेवले, आणि सासूबाईंनी त्यांना माझ्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत मोकळीक दिली.

मोजे गुडघ्यापर्यंतचे, सुती, शिवण नसलेले. आपल्या हवेत घाम इतका येतो की शाळेत दुपारी मोजा बदलावाच लागत असे, नाहीतर बोटांच्या बेचक्यांत बुरशी होते. पावसाळ्यात मी पिशवीत दोन जोड ठेवत असे. ब्रेस रोज रात्री साध्या साबणाच्या ओल्या फडक्याने पुसून सावलीत ठेवायचा. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तो कधीही ठेवू नये, प्लॅस्टिकचा आकार बदलतो. साडी नेसणाऱ्यांसाठी एक गोष्ट: वेल्क्रोची काटेरी बाजू काठाचे धागे ओढते. माझ्या एका चांगल्या साडीचा काठ त्यात गेला, मग मी मोज्याचा वरचा भाग पट्ट्यावर दुमडून घेऊ लागले. बसमध्ये चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. शेवाळलेल्या चिऱ्यांच्या पायऱ्या जिथे टाळता येतील तिथे टाळल्या.

देवळाचे काय, हा प्रश्न माझ्यासाठी लहान नव्हता. गावच्या देवळात पायांत काही घालून जाणे मला पटत नव्हते आणि ब्रेसशिवाय ओल्या फरशीवर चालणे धोक्याचे होते. काही महिने मी यजमानांचा हात धरून, मऊ इलॅस्टिकची पट्टी पावलाला बांधून जात असे. ती पाऊल थोडे उचलून धरते आणि बुटाशिवायही चालते. ₹१,१०० ला मिळाली. दिवसभराच्या चालण्याला ती पुरत नाही, पण दर्शनापुरती पुरली.

कागदपत्रांविषयी. माझ्या आरोग्य विम्यात वगळलेल्या वस्तूंच्या यादीत स्प्लिंट असल्यामुळे दावा नाकारला गेला. आपली यादी आधीच वाचून घ्या. नोकरीच्या ठिकाणी खर्चाच्या परताव्यासाठी दोनदा अर्ज परत आला. एकदा चिठ्ठीवर फक्त तीन अक्षरे होती आणि कोणत्या पायासाठी, कोणत्या निदानासाठी, माप घेऊन बनवलेला, हे लिहिलेले नव्हते. दुसऱ्यांदा सविस्तर चिठ्ठीची तारीख पावतीच्या नंतरची होती. चार महिन्यांच्या खेपांनंतर ₹४,००० मिळाले. म्हणून पहिल्याच भेटीत डॉक्टरांकडून संपूर्ण वाक्यात, शिक्क्यासह चिठ्ठी घ्यावी आणि पैसे त्यानंतर भरावेत. रजेसाठी दिलेल्या प्रमाणपत्राची आणि रुजू होताना लागणाऱ्या फिटनेस प्रमाणपत्राची छायाप्रत जवळ ठेवावी. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राविषयीही मी विचारले होते. सुधारणा अपेक्षित असल्याने आताच अर्ज करू नका, असा सल्ला मिळाला. ज्यांची अवस्था कायमची आहे त्यांनी मात्र यू.डी.आय.डी. कार्ड, म्हणजे अपंगत्वाचे ओळखपत्र, काढून घ्यावे. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व प्रमाणित झाले आणि उत्पन्न मर्यादेत बसले, तर केंद्राच्या एडिप योजनेतून अशी साधने मिळू शकतात. भाईंनी त्यांचे पुढचे कॅलिपर तसेच मागायचे ठरवले आहे.

शाळेत परतले तो दिवस ११ नोव्हेंबर. मुले पायाकडे पाहतील याची धास्ती होती, म्हणून पहिल्याच तासाला मी खुर्चीवर बसून ब्रेस काढून दाखवला. तिसरीतल्या एका मुलीने तो हातात घेऊन विचारले, "बाई, यात तुमची टाच कुठे बसते?" मी दाखवले. मग कोणी काही विचारले नाही, आणि सहलीच्या दिवशी तीच मुलगी माझी पाण्याची बाटली घेऊन चालत होती.

व्यायाम रोजचा होता: टॉवेल चवड्याभोवती घालून पाऊल आपल्याकडे ओढणे, तीस सेकंद, सकाळ-संध्याकाळ, आणि आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपी, प्रत्येक वेळी ₹३००. डिसेंबर संपेपर्यंत काहीही बदल दिसला नाही आणि तो काळ सर्वांत कठीण गेला. १२ जानेवारीला फिजिओथेरपिस्टने नडगीवर बोट ठेवून 'उचला' म्हटले तेव्हा कातडीखाली एक बारीक थरथर झाली. पाऊल हलले नाही, पण तिच्या बोटाला लागले आणि मला दिसले. एप्रिलअखेर पाऊल स्वतःच्या वजनाविरुद्ध वर येऊ लागले. अंगठा सर्वांत शेवटी, जूनमध्ये. जुलैत घरातला ब्रेस सुटला आणि ८ ऑगस्ट २०२५ रोजी डॉक्टरांनी बाहेरही त्याची गरज नाही असे लिहून दिले. खूप चालल्यावर पाऊल अजून थोडे जड पडते. यंदा नारळ टेबलाला बसवायच्या खोवणीवर खोवले.

गेल्या आठवड्यात वाडीतल्या एक वहिनी आल्या. त्यांच्या यजमानांना पक्षाघातानंतर पाय ओढत चालावे लागते. तुमचा ब्रेस आता रिकामा आहे तर द्याल का, असे त्यांनी विचारले. मी तो त्यांच्यासमोर ठेवला, आतल्या घोट्याखालची फुगवलेली जागा दाखवली आणि देणार नाही म्हटले. त्यांना वाईट वाटले असावे. मग फोन करून मडगावची वेळ घेतली. येत्या सोमवारी सकाळी साडेदहाला मी त्यांच्यासोबत जाणार आहे. त्यांच्या यजमानांना ढगळ अर्धी पॅन्ट घालायला, नेहमीचे बूट सोबत घ्यायला आणि डॉक्टरांची चिठ्ठी पूर्ण वाक्यात लिहून आणायला सांगितले आहे.